बेससमोरची खुर्ची

उचगावच्या रस्त्याला माझं पत्र्याचं शेड आहे. तिथं मी डीजेचे बॉक्स बनवतो. खाली ठेवायचे बेसचे, अठरा इंची स्पीकरचे, दोन माणसांनी उचलायचे. त्यांच्यावर बसतात ते टॉप, त्यातनं गाणाऱ्याचा आवाज येतो. गेली बारा-तेरा वर्षं हेच चाललंय. लोक विचारायचे, एवढा दणका असून तुमचा आवाज फाटत कसा न्हाई? मी छाती फुगवून सांगायचो, लाकूड, माप आणि आबांचा कान. लाकूड आणि माप अजून माझ्याकडं आहे. आबांचा कान मी घालवला. वस्तीत सगळे म्हणतात म्हातारपणानं गेला. ते ऐकून मान डोलवायचा मला आता वीट आलाय, म्हणून हे लिहितोय.

आबा म्हणजे माझे वडील. एसटीत कंडक्टर होते, जन्म सगळा चंदगडच्या गाडीवर गेला. तिकडचा पाऊस, घाटात घरघरणारी गाडी, खडखडणाऱ्या काचा, आणि त्यात मागच्या बाकावरची एखादी म्हातारी अर्धं मराठी अर्धं कानडी करत थांब्याचं नाव तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. आबा पुढच्या दारापाशी उभे राहून तिचं तिकीट बरोबर फाडायचे. लहानपणी मी एकदोनदा त्यांच्याबरोबर गेलतो, तेव्हा हे डोळ्यांनी बघितलंय. गाडीवरनं घरी आले की हातपाय धुऊन विहारात जायचे. तिथं गायन पार्टी होती. पेटी, ढोलकी, झांज आणि आबांचा गळा. माझ्या आज्ज्यानं धम्म घेतला तेव्हा घरातला देव्हारा गेला आणि त्या कोनाड्यात पेटी आली, असं आबा सांगतात. दर जयंतीला स्वतः रचलेलं एक नवं गाणं ते म्हणायचे. आमच्यात जयंती म्हटलं की कुठली, हे विचारावं लागत नाही. चाळीस वर्षांत त्यांचं गाणं एकदाही चुकलं नव्हतं.

मी पहिले चार बॉक्स बनवले ते जयंतीच्या मिरवणुकीसाठीच. पोरं नाचून घामाघूम झाली, मला खांद्यावर घेतलं. आबा कडेनं चालत होते. घरी आल्यावर पाणी प्याले आणि म्हणाले, "आवाज लय केलास. पण शब्द कुठायत? आम्ही गातो ते लोकास्नी कायतरी सांगायसाठी गातो. तू त्येच्यावरनं नांगर फिरीवलास."

मला इतका राग आला की दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. मी तसा डोक्यानं गरमच आहे, बायको म्हणते फ्यूज न बसवलेला माणूस. तिसऱ्या दिवशी शेडात जाऊन तेच गाणं लावलं आणि लांब उभा राहून ऐकलं. म्हातारा खरं बोलत होता. नुसतं घुम् घुम् घुम्. शब्द त्याच्याखाली चिरडून गेले होते.

तिथनं मी खऱ्या अर्थानं हे काम शिकलो. दणका काय, कोणीही काढतं. दोन बॉक्स घ्यायचे, अँप, म्हणजे आवाज वाढवणारा डबा, शेवटपर्यंत ताणायचा, तो किंचाळायला लागला की लोकांना वाटतं लय वाजतोय. मोठा आवाज पाहिजे तर अँप ताणायचा नसतो, बॉक्स वाढवायचे असतात आणि अँपला दम शिल्लक ठेवायचा असतो. बॉक्सची भिंत थरथरली तर ती स्वतःचंच गाणं म्हणायला लागते, म्हणून आत आडवे-उभे टेकू देऊन ती मुकी करायची. सांध्यातनं हवा निसटते का बघायला मी अगरबत्ती लावतो. बेस चालू करायचा आणि सांध्याकडेनं धूर फिरवायचा. धूर सरळ वर चढला तर ठीक, फुरफुरला तर तिथं फट आहे, परत सरस भरा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जिथं माणसाचा गळा सुरू होतो, तिथं बेसनं थांबायचं. तिथनं पुढं टॉपचं राज्य.

पण हे सगळं जमलं की नाही, ते ठरवायचं कोणी? मोबाईलवर आलेख काढणारं यंत्र होतं माझ्याकडं. आवाज किती ते त्याला कळतं. शब्द काळजाला लागला की नाही हे त्याला कळत नाही. म्हणून आबांना विचारायला लागलो. ते तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते, दिवसभर दारात बसून कंटाळलेले असायचे.

पद्धत अशी पडली. नवा बॉक्स तयार झाला की सकाळी नऊला मी त्यांना मोटारसायकलवर बसवून शेडात आणायचो. बॉक्ससमोर दहा पावलांवर प्लॅस्टिकची खुर्ची. अंगात धुतलेला पांढरा शर्ट, कुठं कार्यक्रमाला आल्यासारखे बसायचे. मी बॉक्सच्या मागं, अँपजवळ. गाणं नेहमी एकच, आबांचंच, शहरातल्या एका स्टुडिओत आम्ही रेकॉर्ड करून घेतलेलं. आधी बारीक, मग मोठं, मग जयंतीला जेवढं वाजतं तेवढं. आबा डोळे मिटायचे. शब्द हरवला की बोट वर. मी बंद करायचो, ते सांगायचे, "तिसऱ्या ओळीला शेवटचा शब्द गिळला बघ." मी तिथं पाव गुंज कमी-जास्त करायचो, परत लावायचो. कधीकधी दुपारचे बारा वाजायचे. माझ्या कानाला मफ असायचे, राऊटरनं लाकूड कापताना लावतात ते जाड, हेडफोनसारखे. आबांना नव्हते. ज्यानं मोजायचं त्याचेच कान बंद करून कसं चालेल, असं मी म्हणायचो आणि हसायचो.

आई एकदा डबा घेऊन शेडात आली. टेस्ट चालली होती. तिनं पदर कानाला लावला आणि बंद होईपर्यंत उंबऱ्यावरच थांबली. मग मला म्हणाली, "तुझ्या कानास्नी टोप्या हायत. त्येंच्या कानास्नी काय?"

"आई, आपला आवाज फाटत न्हाई," मी म्हणालो. "फाटका आवाज कान खातो. स्वच्छ आवाजानं काय हुत न्हाई."

मला हे खरंच वाटत होतं. खोटं सांगायला मला काय कारण? दुसऱ्यांच्या डीजेपुढं लोक कानात बोटं घालून मागं सरकतात, माझ्या बॉक्सला चिकटून उभे राहतात. लेकराला खांद्यावर घेऊन बेसला हात लावून उभा असलेला बाप बघितला की मला माझ्या कामाचा अभिमान वाटायचा. आता तेच चित्र आठवलं की मला त्या लेकराचे कान दिसतात. कानाच्या डॉक्टरनं नंतर मला शांतपणे सांगितलं की कानाला फाटकं-स्वच्छ काही कळत नाही, किती आणि किती वेळ एवढंच कळतं. "फाटला असता तर निदान उठून तरी गेले असते," असं म्हणाला. त्यानं आबांच्या कानाचा आलेख काढून दिला. डावीकडं जाड्या आवाजाची रेघ बरी चालली होती, आणि बारीक आवाजाकडं गेली की घाटातनं गाडी उतरावी तशी खाली, खाली, कागदाच्या तळाला. तो कागद कपाटात साड्यांच्या खाली ठेवलाय. पण डॉक्टरकडं जायच्या आधीचं सांगायचं राहिलंय.

गेल्या वर्षी गणपतीच्या सिझनला आबांचं बोट जास्तच वर यायला लागलं. "शब्द दबत्यात. टॉप वाढव." मी वाढवला. पुढच्या बॉक्सला परत, "अजून वाढव." मी अजून वाढवला. मला वाटलं म्हातारा वयानं आणखी चोखंदळ होत चाललाय. आनंदच झाला, खरं सांगतो. मी जेवढं वाढवायचो तेवढं त्यांना अजून लागायचं, आणि ते खुर्ची एक पाऊल पुढं सरकवून घ्यायचे. दहाची आठ झाली, आठाची सहा. माझ्या डोळ्यांपुढं खुर्ची सरकत होती आणि मी मागं उभा राहून कानाला मफ लावून बटणं फिरवत होतो.

मग गडमुडशिंगीच्या एका डीजेवाल्याचा फोन आला. जुनं गिऱ्हाईक. "पावणं, ह्या वक्ताचा टॉप कानात सुई घालतोय. बायका उठून जायला लागल्या."

"तुमचा कान तयार न्हाई," मी म्हणालो. "आमच्याकडं ज्या कानानं पास केलंय, तसला कान आख्ख्या जिल्ह्यात न्हाई."

त्यानं फोन ठेवला. नंतर कळलं की त्यानं टॉपच्या हॉर्नवर, जिथनं बारीक आवाज निघतो तिथं, आतनं फडकं चिकटवलं. माझ्या बॉक्सवर फडकं. मी बाजारात त्याच्याशी बोलणं टाकलं. एवढा माज होता मला.

घरात पण चिन्हं दिसत होती, बघणाऱ्याला. एकदा मी दुपारी घरी आलो तर जिन्यातच डाळ करपल्याचा वास. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या मारत होता आणि आबा स्वयंपाकघराच्या दारात, चार हातांवर, पेपर वाचत बसले होते. मी गॅस बंद केला. त्यांनी मला बघितलं आणि म्हणाले, "आलास व्हय? आज लौकर." कुकरकडं बघितलंही नाही. आई बाहेरनं आल्यावर मी तिच्यावर ओरडलो, कुकर लावून का गेलीस म्हणून. ती नुसती आबांकडं बघत राहिली.

थंडीत विहारात जयंतीच्या गाण्याची तालीम सुरू झाली. आबा झांजवाल्यावर चिडायचे, "झांज वाजीवतोस का कापूस पिंजतोस रं?" झांजवाला बिचारा हात दुखेस्तोवर वाजवत होता. मी एका रविवारी गेलतो. आबांनी गाणं उचललं आणि पेटीवाल्याची बोटं पट्टीवर इकडं तिकडं धावायला लागली, आबा कुठल्या सुरात आहेत ते शोधत. तालीम संपल्यावर पेटीवाला माझ्याबरोबर गेटपर्यंत आला. "आबास्नी सांगू नगंस," तो म्हणाला, "पण सूर सोडून चालल्यात. चाळीस वर्सांत असं झालं न्हवतं. एकदा दाखवून आण की."

मी म्हणालो, थंडीनं घसा धरला असंल. पण त्या दिवसापासनं मला भीती वाटायला लागली होती, हे मी आज कबूल करतो. रात्री जेवताना मी मुद्दाम मान खाली घालून बोलायचो, आणि आबा ताट सोडून माझ्या तोंडाकडं बघायला वाकायचे. मी मान वर करायचो आणि तो विषय डोक्यातनं काढून टाकायचो. जयंतीच्या ऑर्डरी होत्या, सोळा बेस आणि आठ टॉप. कानात काही निघालं तर बॉक्स पास कोण करणार? असा हिशेब होता माझा.

आणि मग संक्रांत झाली आणि आबांचं बोट वर यायचंच थांबलं.

बॉक्स लावला की डोळे मिटून बसायचे, मांडीवर ताल धरायचे, गाणं संपलं की अंगठा दाखवायचे. "एक नंबर. शब्द न् शब्द लागतोय." दुसरा बॉक्स, तोच अंगठा. तिसरा, तोच. मला हायसं वाटलं. माझी भीती खोटी निघाली, माझंच काम आता इतकं पक्कं झालं की त्यांना खोट काढायला जागा उरली नाही, असं मी स्वतःला समजावलं. सोळातले बारा बेस, सहा टॉप असेच पास होऊन गेले. जाणारा प्रत्येक बॉक्स आबांच्या अंगठ्यावर गेला.

मार्चमधली सकाळ होती. पत्रा तापायला लागला होता. शेवटचे चार बेस आणि दोन टॉप टेस्टला लावले होते, दुसऱ्या दिवशी न्यायला टेम्पो येणार होता. मिस्त्री, म्हणजे माझ्याकडं लाकूडकाम करणारा सुतार, सरस आणायला बाहेर गेला होता. आबा खुर्चीत, आता पाचच पावलांवर. मी मफ चढवले आणि मागं जाऊन गाणं लावलं. बारीक, मोठं, मग पूर्ण. पत्रे थडथडत होते. फळीवरचे स्क्रू नाचत खाली पडत होते. माझ्या बरगडीत ताल बसत होता. गाणं संपलं. मी डोकं बाहेर काढून बघितलं. आबांनी डोळे उघडले आणि अंगठा दाखवला.

"लय झकास," ते म्हणाले. "आजवरचा ह्यो सगळ्यात चांगला. शब्द आरशागत."

दारात मिस्त्री सरसाचा डबा घेऊन उभा होता. कधी आला होता कोण जाणे. तो आधी आबांकडं आणि मग माझ्याकडं बघत होता. मी मफ काढले.

"मालक," तो म्हणाला, "नुसता बेसच वाजतोय की. गाणं कुठाय?"

मी पुढं जाऊन टॉपच्या मागं हात घातला. दोन्ही टॉपला जाणाऱ्या वायरचा प्लग भोकात नुसता टेकवलेला होता, फिरवून बसवलेलाच नव्हता, हात लागताच निघून लोंबायला लागला. माझीच चूक. टॉप मुळात वाजलेच नव्हते. मी परत गाणं लावलं, ह्या खेपेला मफ न लावता, आबांच्या खुर्चीशेजारी उभा राहून. घुम्, घुम्, घुम्. पेटी नाही, झांज नाही, आबांचा गळा नाही. आणि आबा शेजारी बसून मांडीवर ताल धरत ओठांनी शब्द पुटपुटत होते, स्वतःच रचलेले, पाठ असलेले.

मी बंद केलं. आबा उठले आणि बॉक्सजवळ गेले, माझ्याकडं पाठ करून नव्या सांध्यावरनं हात फिरवायला लागले.

इथं माणसानं काय करावं? मला पहिला विचार त्यांच्या कानाचा यायला पाहिजे होता. नाही आला. पहिला विचार आला तो गेलेल्या बारा बेस आणि सहा टॉपचा. त्या फडक्याचा. माझ्या नावाचा. डोक्यात सण्णकन गेलं आणि मी ओरडलो. "थेरड्या, बहिरा हाईस तर बसतोस कशाला हितं? माझं नाव मातीत घातलंस तू." आणखीही बरंच बोललो, ते लिहवत नाही. आबांना मी जन्मात कधी अरेतुरे केलं नव्हतं. आमच्या घरात तशी रीतच नाही. मिस्त्रीनं डबा खाली ठेवला आणि मान फिरवली.

आबा सांध्यावरनं हात फिरवत राहिले. तीन पावलांवरनं मी ओरडत होतो, आणि त्यांची मान तसूभर हलली नाही. बोटांनी ते सरसाचा एक वाळलेला थेंब खरवडत होते.

मग हात फिरवत फिरवत ते टॉपच्या मागं पोचले आणि लोंबणारा प्लग त्यांच्या हाताला लागला. तो हातात धरून त्यांनी टॉपच्या रिकाम्या भोकाकडं बघितलं. वळले तेव्हा त्यांनी आधी माझ्या तोंडाकडं बघितलं, नेहमीसारखं.

"काय म्हणालास?"

मी मान हलवली, काय न्हाई म्हणून.

ते येऊन खुर्चीत बसले. मी त्यांच्यापुढं उकिडवा बसलो आणि तोंड मोठं करून विचारलं, "कवापास्नं?"

"गणपतीपास्नं कमी व्हतं. संक्रांतीपास्नं न्हाईच. ताल लागतोय, छातीत. शब्द न्हाई."

"मग बोलला का न्हाईसा, आबा?"

त्यांनी शर्टाची बाही खाली ओढली, बटण लावलं. "बोललो असतो तर तू मला आणायचं बंद केलं असतंस. तू गाडी घेऊन दारात यायचास, इचारायचास, आबा कसं वाटलं. घरात बसून मला कोण काय इचारतंय?"

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. मला रडू येत होतं आणि स्वतःची शिसारी येत होती, दोन्ही एकदम. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात सरसानं चिकट झाला होता.

"यंदा जयंतीला मी गाणार न्हाई," ते म्हणाले. "सगळ्यास्नी सांग, घसा बसलाय म्हणून. कान म्हणून सांगू नगंस. लोक तुझं बॉक्स घ्यायचं बंद करतील."

मिस्त्रीनं प्लग भोकात घातला, फिरवून घट्ट बसवला आणि बाहेर जाऊन बसला. आबा उठले. चपला घालता घालता त्यांनी विचारलं, "उद्या किती वाजता यायचं?"

मी दोन्ही हात वर केले आणि नऊ बोटं दाखवली. ते बरं म्हणाले आणि बाहेर गाडीपाशी जाऊन उभे राहिले.